बायनाबाईची वर्षं

धर्मापुरीच्या बायनाबाईचं वय किती, हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. तिच्या बरोबरीचं माणूस गावात एकही शिल्लक नसल्यानं दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर ती म्हणायची, "मोठ्या दुष्काळात माजा थोरला औत हाकत व्हता. मांडा आता तुमीच हिशोब." पाटलाच्या मते ती ऐंशीची होती, देवळातल्या गुरवाच्या मते नव्वदीची. काही असो, तोंडात दात होते आणि त्या दातांनी ती फुटाणे फोडायची. सुईत दोरा स्वतः ओवायची. हातात काठी असायची, पण ती वाटेतल्या कुत्र्यांसाठी.

तिचं रोजचं वागणं मुद्दाम सांगण्यासारखं नव्हतं. सांगायला बसलं तर ऐकणारा जांभया देईल. तांबडं फुटायच्या आत उठायचं. लिंबाच्या काडीनं दात घासायचे. भाकरी आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून रानात जायचं, तेही पायी, आणि उकिडवं बसून खुरपायचं. वाटेत जो भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, मग तो भांडलेला भाऊबंद का असेना. दुपारी आडवं व्हायचं नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचं, पोटाचा एक कोपरा मोकळा ठेवून, आणि दिवेलागण झाली की घोंगडी अंगावर ओढायची. सणासुदीला सून जानकी आग्रह करू लागली की ही ताटावर हात आडवा धरायची. "पोट म्हंजी काय पोतं हाय, दाबून भराया?" यात काही शहाणपण आहे असं तिला कधी वाटलं नाही. तिच्या सासूनं तिला तसं वागायला लावलं होतं आणि पुढं ते अंगवळणी पडलं, एवढंच.

दैव मात्र तिच्याशी असं नेमस्त वागलं नाही. नवरा लवकर गेला. पाच लेकरांतली चार डोळ्यांदेखत गेली, कुणी देवीनं, कुणी पटकीनं. शेंडेफळ अर्जुन तेवढा हाताशी लागला होता, त्याला मानमोडीच्या साथीनं नेलं. त्या साली गावोगाव इतकी माणसं मेली की सरणाला लाकूड पुरेना. अर्जुन चांगला धडधाकट, पण तापानं फणफणला आणि आठवडाही काढला नाही. म्हातारीच्या अंगातही तोच ताप भरला होता. ती चार दिवस पडून राहिली आणि उठून बसली. दिवस-कार्य उरकल्यावर खुरपं घेऊन रानात निघालेली तिला गावानं पाहिलं. तिला दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? पण दुःख घेऊन घरात बसायची तिला सवय नव्हती. ते ती रानात न्यायची आणि तिथं एकटीच रडायची. गावानं खुरपं पाहिलं, रडणं पाहिलं नाही.

घरात आता तिघं उरली: बायनाबाई, अर्जुनाची विधवा जानकी आणि जानकीचा एकुलता एक गहिनीनाथ. पोर विशीला टेकलेलं, आजीसारखंच काटक, बोलण्यात मिश्कील. त्याचं लग्न ठरलं होतं ते बापाच्या मरणानं वर्षभर पुढं ढकललेलं. दोघी बायका त्याच्यावर जीव टाकून होत्या आणि एकमेकींवरही होत्या. जानकी परकरी वयात सिरसाळ्याहून या घरात आली, तिला वेणी घालायला बायनाबाईनंच शिकवलं. सासू-सुनेचं भांडण ऐकायला मिळावं म्हणून शेजारणी वर्षानुवर्षं कान लावून बसल्या आणि कंटाळून उठून गेल्या.

साथीच्या दुसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर हैदराबादेहून एक हकीम दौऱ्यावर आले. गावोगाव औषधं वाटायची अशी त्यांना सरकारी कामगिरी होती. पण त्यांचा स्वतःचा एक नाद होता. जिथं जातील तिथं ऐंशीच्या घरातली माणसं शोधायची आणि ती काय खातात, कधी निजतात, किती चालतात हे विचारत बसायचं. इतकी तरणी माणसं गेली आणि काही म्हातारी तरली ती कशानं, याचा त्यांना छडा लावायचा होता. साहजिकच चावडीवरून बायनाबाईला बोलावणं गेलं.

"अम्मा, शाम कू क्या खाते?" हकिमांनी विचारलं.

"अर्धी भाकर. कदी वाटीभर ताक."

"बस? उसमें पेट भरता?"

"भरला तर झोप कशी लागंल, साहेब?"

हकीम हसले. त्यांनी तिची नाडी धरली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "माशाल्ला. ये नब्ज तो जवान औरत की है. अम्मा, तुमारे पास अब्बी दस-पंद्रा बरस हैं. जैसा रहते, वैसाच रहो."

चावडीतली माणसं हसली. बायनाबाईनं लाजून पदर तोंडावर घेतला. घरी येताना तिची मान जरा ताठच होती. कौतुक माणसाला कुठल्याही वयात आवडतं, त्यात तिचा काय गुन्हा झाला? पण हकिमांचे ते बोल दिवस मावळायच्या आत गावभर झाले, आणि तिथून तिच्या घराला दृष्ट लागली म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

धर्मापुरीत जुन्या बायकांचा एक समज होता. देव आयुष्य देतो ते माणशी वेगळं देत नाही, सगळ्या घराला मिळून एकदाच देतो. त्यातलं एकानं वाजवीपेक्षा जास्त खाल्लं की दुसऱ्याला कमी पडतं. एरवी हे कुणी बोलूनही दाखवलं नसतं. पण साथीनं इतकी घरं रिकामी केली होती की कुणावर तरी आळ घेतल्याशिवाय लोकांना चैन पडत नव्हतं. शेजारच्या वच्छलाबाईचे दोन्ही मुलगे त्या साथीत गेलेले. विहिरीवर ती जानकीला म्हणाली, "नवरा गेला, चार लेकरं गेली, मग तुजा धनी गेला. आन् म्हातारीला आनिक पंद्रा वर्सं. ती कुनाच्या ताटातली गं?" जानकीनं घागर उचलली आणि घरी आली. वच्छलाबाई दुष्ट नव्हती. पण पोळलेल्या माणसाच्या जिभेला धरबंध राहत नाही.

त्याच थंडीत गहिनीनाथ जोंधळ्याच्या राखणीला रानातल्या माळ्यावर निजत होता. अवकाळी पावसात एकदा भिजला आणि खोकला धरला. काढे झाले, शेक झाले, खोकला हलेना. मग रोज सांजेला अंग तापू लागलं. महिनाभरात त्याच्या गालांची हाडं दिसायला लागली. बायनाबाई त्याच्या उशाशी बसून त्याचं डोकं चेपायची. एकदा तो जेवत असताना ती उजेडाच्या आड आली आणि तिची सावली त्याच्या ताटावर पडली. जानकी झटकन पुढं झाली आणि तिनं ताट सरकवलं. बायनाबाईला विहिरीवरचं बोलणं कुणीतरी येऊन सांगितलेलं होतंच. गावात असं सांगणारी माणसं कधी कमी पडत नाहीत. तिला वाटलं होतं, जगानं काहीही म्हणावं, आपली जानकी तसं म्हणणार नाही. त्या सरकलेल्या ताटाकडे बघत ती उजेडापासून दूर, भिंतीला टेकून बसली.

हकिमांचा मुक्काम घाटनांदुराला आहे असं कळलं, तेव्हा गाडीत कडबा अंथरून गहिनीनाथला निजवलं आणि दोघी त्याला घेऊन गेल्या. हकिमांनी त्याच्या छातीला कान लावला, पाठ ठोकून पाहिली. पुड्या दिल्या, दूध द्यायला सांगितलं, उघड्या हवेत निजवायला सांगितलं. मग बायनाबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "जवान लडका है. बाकी अल्ला मालिक." औषध देणारा माणूस देवाचं नाव घेतो तेव्हा त्याचा अर्थ काय, ते अडाण्यालाही कळतं.

"साहेब," बायनाबाई म्हणाली, "माजी वर्सं ह्येला देता येत्यात का?"

हकीम चमकले. "नै अम्मा. उमर कोई गल्ला नै, कि इधर का उधर डाल दिये."

मग तिनं विचारलं, "बरं, मंग म्या हे समदं सोडलं तर? पहाटंचं उठनं, रानात जानं, लोकांत बोलनं?"

हकिमांना वाटलं, दुःखानं म्हातारीचे हातपाय गळालेत. तिला पुन्हा उभारी यावी म्हणून त्यांनी जरा दटावलं, "नक्को, ऐसा नक्को करो. इस उमर में आदतां छोड दिये तो छे महिने नै निकालते लोगां. मैं कित्तों कू देखा. बिस्तर पकडे, कि गये."

बिचाऱ्यांनी मायेनं सांगितलं. बायनाबाईनं मात्र ते औषध समजून पदरात बांधलं. जानकी तिच्या मागंच गाडीचं चाक धरून उभी होती. तिनंही सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत बायनाबाईला जाग आली, आणि ती तशीच पडून राहिली. पडून राहणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. गोठ्यात गाय हंबरली तशी तिचे पाय आपसूक हलले. तिनं ते आवळून धरले. रानात गेली नाही. दुपारी डोळे मिटून बाजेवर पडली, झोप येईना तरी पडली. दारावरून हाक आली की ओ देईना. गहिनीनाथ मिटलेले डोळे उघडून विचारी, "आजे, रानात कावून जाईनास?" ती सांगे, "पाय दुखत्यात बाबा." तो हसायचा, "तुजे पाय? खोटारडी." जगायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, न जगणं मात्र म्हातारपणी शिकावं लागलं, आणि त्यात ती ढ निघाली. भूक वेळेवर लागायची. पहाट वेळेवर उजाडायची.

मग तिनं सांजेची भाकरी सोडली. ती भाकरी टोपल्यात तशीच राहिलेली जानकीला दिसली. बायनाबाई बाजेवरून बघत होती. आता ही येईल आणि म्हणेल, आत्याबाई, हे काय मांडलंय तुमी? एवढंच ऐकायला तिचे कान आसुसले होते. ऐकून ती काही थांबणार नव्हती, तिचं ठरलं होतं. पण कुणीतरी थांबवावं असं कुणाला वाटत नाही? जानकीचं तोंड उघडलं देखील. तेवढ्यात ओसरीवरून पोराच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. जानकीनं टोपल्यावर फडकं झाकलं आणि बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पीठच कमी मळलं.

बायनाबाईनं तिला दोष दिला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, असं ती मनाशी म्हणाली आणि ते खरंही होतं. पण मन समजूतदार असलं तरी काळीज ऐकत नाही. भिंतीकडे तोंड करून ती मुक्यानं रडली.

पुढं पौषात गहिनीनाथला जरा उतार पडला. ताप येईना, दोन घास जायला लागले. इकडं म्हातारीचे डोळे खोल गेले होते आणि भिंतीला धरल्याशिवाय तिला उभं राहवत नव्हतं. एका दुपारी जानकी येऊन बाजेच्या पायथ्याशी बसली आणि सासूचे पाय चेपू लागली. किती दिवसांनी सुनेचा हात पायाला लागला होता. कशाबद्दल चेपतेस, असं बायनाबाईनं विचारलं नाही आणि जानकीनंही सांगितलं नाही. दोघींना ठाऊक होतं. पोर वाचतंय या आनंदापुढं बायनाबाईला आपलं काहीच वाटलं नाही. उलट आता लवकर उरकावं म्हणून तिनं दुपारची भाकरीही अर्ध्यावर आणली.

त्याच दिवसांत गहिनीनाथनं तिला ओसरीवर हाक मारली. ती सरकत सरकत गेली. त्याच्यापुढं दूध-भाकरीचा काला होता. त्यानं एक घास केला आणि तिच्या तोंडापुढं धरला. "खा आजे. तू लई वाळलीस. माज्या हातानं खा."

त्याच्या ताटातला घास. बायनाबाईच्या अंगावर काटा आला. तिनं तोंड फिरवलं. त्यानं पुन्हा हात पुढं केला तेव्हा तिनं तो ढकलला, आणि घास जमिनीवर पडला. पोराचा चेहरा उतरला. तो बराच वेळ त्या घासाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माजा आजार लागंल म्हनून भेतीस व्हय? बरं ऱ्हाऊ दे. भ्यायचंच."

तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगायचं काय? की तुझ्यासाठी मी मरायला लागलेय? ऐकल्यावर त्यानं आणखी एक घास तरी खाल्ला असता का? ती सरकत सरकत आत गेली. त्यानंतर त्यानं तिला पुन्हा घास दिला नाही. बोलायचा, हसायचा, पण ती जवळ आली की तोंडावर उपरणं धरायचा, तिला आपला श्वास लागू नये म्हणून.

शिमगा जवळ आला आणि ताप उलटला. या वेळी खोकल्यातून रक्त पडू लागलं. हकिमांच्या पुड्या संपल्या, हकीम कुठल्या तालुक्याला गेले होते कोण जाणे. गावात होळीच्या गोवऱ्या गोळा होत असताना एका सकाळी गहिनीनाथ आईच्या मांडीवर गेला. बायनाबाई हात लांब करून त्याच्या पायाला धरून बसली होती. शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं की आजी आपल्याला भ्याली. हे शल्य तिच्या छातीत रुतलं ते रुतलंच.

आणि ती जिवंत होती. हाडांचा सापळा झालेली, पण जिवंत. जन्मभर नेमानं सांभाळलेला देह तिनं महिनोन् महिने मोडायला काढला होता, आणि तो मोडत नव्हता. सुतकातही तिला तांबडं फुटायच्या आत जाग यायची. तेव्हा तिला आपल्या डोळ्यांची, आपल्या श्वासाची शिसारी यायची.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. सिरसाळ्याहून जानकीचा भाऊ त्रिंबक गाडी घेऊन आला होता, तो तेवढा राहिला. अंगणात तो बहिणीला म्हणाला, "अक्का, चल घरी. हितं आता कोन हाय तुजं?" आतल्या खोलीत बायनाबाईनं ते ऐकलं. तो बरोबर बोलतोय असंच तिला वाटलं. जानकीनं जावं. ज्या घरात पोर गेलं, नवरा गेला, त्या घरात म्हातारीचं तोंड बघत तिनं कशाला राहावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपल्याचा आवाज आला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेशीकडं गेला आणि विरला. घर गप्प झालं. सुटले, असं म्हणून बायनाबाईनं भिंतीकडं कूस बदलली. आता कुणाचं काही हिरावून घ्यायचं राहिलं नव्हतं. आता पाणीही नको, असं तिनं ठरवलं.

दिवस वर आल्यावर चुलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला.

तिला वाटलं भास होतोय. मग दारात जानकी दिसली, हातात ताट. ती बाजेजवळ खाली बसली आणि ताट पुढं ठेवलं.

"तू गेली न्हाईस?"

"न्हाई."

"त्रिंबक येकलाच गेला?"

"गेला." जानकीनं ताट आणखी जवळ सरकवलं. "जेवा."

"आता कावून, जानके?"

जानकी खाली बघतच बोलू लागली. "हकिमाचं समदं ऐकलतं म्या. तुमी कावून पडून ऱ्हायल्यात ते ठाव व्हतं मला. तुमी रोज मरत व्हत्या, आन् मी भाकरी थापता थापता मनात म्हनत व्हते, लवकर व्हऊ दे. तुमी मला लेकीवानी वाढवलं, आन् मी असं म्हनत व्हते." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता ह्या घरात माजीच वर्सं ऱ्हायलीत, आत्याबाई. खायचीच असली तर ती खावा. पर मला एकटीला टाकून जाऊ नगा."

बायनाबाईनं उठायचा प्रयत्न केला. जानकीनं पाठीमागं हात घालून तिला बसवलं. म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. कितीक दिवसांनी पोटभर जेवण पुढं आलं होतं. भाकरी गरम होती, आणि मेली गोड लागली. पोर मातीत जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि आपल्या जिभेला भाकरी गोड लागते, याची बायनाबाईला इतकी लाज वाटली की घास तोंडात धरून ती हुंदके देऊ लागली. जानकी तिची पाठ चोळत राहिली. रडत रडत बायनाबाईनं ती भाकरी सगळी खाल्ली.